आतल्या खिशाचं माप

मास्तरच्या दुकानात वकील डोक्याशिवाय लटकायचे.

कोर्टाच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे मागं भिंत, वर टिन आणि समोर एक लांब दांडी. त्या दांडीले काळे कोट. त्याच्या बाजूले माझा कपडे प्रेस करायचा ठेला. उन्हाळ्यात दुपारी दोन-अडीचले गरम वारा सुटला की ते कोट हलायले लागायचे. एकाची बाही वर जायची, दुसऱ्याची खाली यायची, तिसरा मागं सरकून भिंतीले टेकायचा. कोळशाच्या धगीनं माझे डोळे जड व्हायचे आणि मले वाटायचं, झालं, कामकाज सुरू झालं. आरोपी नाही, जज्ज नाही, फक्त बाह्या बोलून राहिल्या.

मास्तर मशीनवरून मान वर न करता विचारायचा, "काय गा प्रेसवाल्या, कोण जिंकलं?"

"तो डावीकडचा."

"तो नाही जिंकत. त्याची काख टाईट आहे. हात वर केला का जज्जाले हसू येते."

असे आम्ही तीस वर्षं बाजूबाजूले बसलो.

मास्तर गेला त्याले आता वर्ष होईल. फाटकावरचा पानवाला अजूनही गिऱ्हाइकाले सांगते, तो टेलर लोकायचे पैसे बुडवून गेला. पानवाल्याचे बुडाले, ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझेही चाळीस हजार होते त्याच्याकडे, आणि माझ्या पैशाचं काय झालं हे मले सोडून कोणाले ठाऊक नाही. मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही, आणि कोणी सुधारून दिलेलं मले चालत नाही. जसं आठवते तसं लिहून राहिलो.

मास्तर वकिलांचेच कोट शिवायचा. लग्नाचा सूट घेऊन कोणी आलं तर म्हणायचा, "पहिले वकिली पास हो, मंग ये." नवरदेव रागानं निघून जायचा. मी म्हणायचो, आलेला पैसा काहून घालवतं? तो म्हणायचा, "नवरदेव एक दिवस घालते आणि कपाटात ठेवते. वकील रोज घालते. रोजच्या कपड्यात माणूस दिसते."

आणि त्याले खरंच दिसायचा. त्याच्याकडे एक लांब वही होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. एका वकिलाले एक पान. छाती, खांदा, बाही, उंची, आणि सगळ्यात खाली आतला खिसा. आतल्या खिशाचं माप तो सगळ्यात सावकाश घ्यायचा. म्हणायचा, "छातीचं माप देताना माणूस श्वास ओढून धरते. पोटाचं देताना आत घेते. आतला खिसा केवढा पाहिजे, हे विचारलं का मात्र खरं बोलते." ज्यानं एक खिसा सांगितला तो नवीन. ज्यानं दोन सांगितले तो चालता. तीनच्या वर गेला का मास्तर मान हलवायचा आणि शिलाई आधी घ्यायचा.

ती वही आता माझ्याकडं आहे. त्याच्या पोरीनं आणून दिली. माझंही एक पान आहे तिच्यात. त्या पानावर एकच माप लिहिलेलं आहे. ते मंग सांगतो.

त्याची दुसरी खोड म्हणजे शेवटचं बटन. कोट सगळा शिवून व्हायचा, पण मधलं एक बटन तो लावायचा नाही. गिऱ्हाईक आलं, कोट अंगात घातला, की मंग अंगावरच ते बटन टाकायचा. आणि अंगावर कपडा शिवायचा म्हणजे ज्याच्या अंगावर आहे त्यानं तोंडात धागा धरायचा. आपल्याकडं घरोघरी आया लेकरांले धरायले लावतात, तीच रीत. मास्तर वितभर काळा धागा तोडून साहेबाच्या ओठाजवळ न्यायचा आणि म्हणायचा, "धरा." आणि मोठमोठे वकील, ज्यांच्या आवाजानं कोर्टाची कबुतरं उडत, ते दातात धागा धरून गुमान उभे राहायचे.

एकदा एकाची आतमध्ये पुकार झाली. मुन्शी धावत आला, "साहेब, आपली केस!" साहेबाच्या तोंडात धागा. तो हातानं खुणा करते, डोळे मोठे करते, पण धागा काही सोडत नाही. मास्तर म्हणे, "थांबा साहेब, गाठ राहिली." मी हसता हसता एका बाईच्या पांढऱ्या साडीवर प्रेस ठेवून बसलो. ती साडी मले भरून द्यावी लागली.

"पाहून घे गा," मास्तर मले नंतर म्हणे. "जगात वकील गप्प राहण्याची ही एकच जागा आहे."

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात त्यानं मोटरीच्या दोन नवीन मशिनी घेतल्या. एका पतसंस्थेचं कर्ज, आणि वरून हातउसने. पानवाला, कापडवाला, झेरॉक्सवाला, पतसंस्था धरून अकरा जण. मंग कोर्टच बंद झालं. बंद उघडलं तर तारखा मोबाईलवर, आणि वकिलांले कोटाची माफी. घरी पांढरा शर्ट घालून बसायचं, खाली लुंगी असली तरी चालते. मास्तर रोज येऊन दुकान उघडायचा. दांडी रिकामी. मी ठेल्यावर टेकून डोळे मिटले तरी मले कोट दिसायचे, आणि उघडले की नुसती दांडी, तिच्यावर एक होला बसलेला.

त्या दिवसांत मी त्याले चाळीस हजार दिले. जरीपटका वस्तीत माझ्या दोन खोल्या आहेत. वर टिन होतं. स्लॅबसाठी बायकोनं आणि मी जमवून राहिलो होतो. मास्तरनं मागितले नव्हते. मीच नेऊन दिले, पतसंस्थेचे लोक मशीन उचलायले येणार होते म्हणून. त्यानं शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. मी म्हटलं, ठेव तो. कागदावर देणारे अकरा आहेत तुझे. त्यानं पेपर घडी करून वहीत ठेवला. मंग टेपनं त्या नोटांचं बंडल मोजलं. लांबी, रुंदी, जाडी. मले वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

वर्ष-दीड वर्षात कोट परत आले, पण व्याज त्यांच्या पुढं गेलं होतं. कोणीतरी त्याले नादारीच्या अर्जाबद्दल सांगितलं. म्हणजे कोर्टात जायचं, माझ्याजवळ हे आहे, देणं एवढं आहे, फिटत नाही, असं लिहून द्यायचं. आहे ते कोर्ट वाटून देते आणि माणसाले मोकळं करते.

"पण त्याले वकील लागते," मास्तर म्हणे. "चाल. वकील पाह्यले जाऊ."

"तुझ्या ओळखीचे शंभर आहेत. पाह्यचं काय त्यात?"

"ते माझे गिऱ्हाईक आहेत गा. आता मी त्यांचा गिऱ्हाईक. कापड घेताना तीन दुकानं फिरत नाही का आपण?"

तो सुईचं पाकीटही तीन दुकानं पाहून घ्यायचा. वही काखेत, टेप गळ्यात, आम्ही निघालो.

पहिला सिव्हिल लाइन्सचा, मोठा. थंडगार ऑफिस. मास्तरले पाहून साहेब खूष झाला, त्याले वाटलं माप घ्यायले आला. अर्जाचं सांगितल्यावर खुर्चीत मागं टेकला. "पन्नास हजार. अर्धे आधी."

मास्तरनं वही उघडली. "अस्तर धरून का साहेब?"

"काय?"

"म्हणजे टायपिंग, तिकिटं, नोटिसा, मुन्शीचा चहा. धरून का वेगळं?"

"ते वेगळं."

"आणि तारखा?"

"प्रत्येक तारखेचे वेगळे."

मास्तरनं सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं, "कापड आपलं, अस्तर आपलं, बटनं आपली. नुसती शिलाई पन्नास." साहेब हसला नाही. बाहेर पायरीवर आल्यावर मास्तर म्हणे, "चार आतले खिसे आहेत याले. मीच शिवले आणि मीच विचारायले आलो."

दुसरा कोर्टाच्या आवारातच, शेडखाली टेबल टाकून बसणारा. "आठ हजार ठोक. सगळं धरून. आज द्या, उद्या अर्ज टाकतो."

मी म्हटलं, मास्तर, घेऊन टाक. मास्तर मात्र त्याच्या उजव्या कोपराकडं पाहून राहिला होता. बाजूले नेऊन मले म्हणे, "सात वर्षांचा कोट आहे. कोपर कालचं असल्यासारखं. हा माणूस टेबलावर हात टेकून लिहितच नाही."

"आठ हजारात तुले कायले पाहिजे लिहिणारा?"

"स्वस्त कोट पहिल्या पाण्यात आखडते. मंग दुसरा शिवा. तो दुसरा कोणी पहिल्याच्या भावात जोडत नाही." आणि परत जाऊन त्यानं त्या वकिलाले विचारलं, "साहेब, माझी जुनी मशीन जाईन का राहीन?" वकील म्हणे, "पाहू. आधी अर्ज तर टाकू." मास्तरनं आठ आकडा लिहिला आणि त्याच्यापुढं 'पाहू' असं लिहिलं.

तिसरी एक वकीलबाई. कुहीकडची. तिचा कोट मास्तरनंच तिच्या बापाच्या कोटातून कापून, उलटवून शिवला होता. कोपर दोनदा रफू केलेलं. एकच आतला खिसा, तोही पेनापुरता. आम्ही बसलोही नव्हतो, तर तिनं पहिलेच विचारलं, "काका, मशीन कोणती तुमची? नवीन का जुनी?"

मास्तरचा चेहरा मी पाहिला. तीन ठिकाणं झाली, पण मशीनचं आपणहून विचारणारी ही पहिली.

तिनं समजावून सांगितलं. कर्जावरच्या नवीन मशिनी जातील. पायाची जुनी जाणार नाही, कारागिराच्या हाताची अवजारं जप्तीत घेत नाहीत, ते अर्जातच लिहू. फी पंधरा हजार, तीन हप्त्यांत, टायपिंग-तिकिटं धरून. नोटिसांचा खर्च वेगळा, त्याची पावती देईन.

"आणि अर्ज फेटाळला तर?" मास्तर म्हणे.

"तरी फी माझी. काम केलेलं राहीन मी."

मास्तर पहिल्यांदा हसला. "बरोबर आहे. माझा कोट घालून वकील केस हरला तर मी शिलाई वापस करतो का? बाई, फीच्या बदल्यात कोट शिवून देतो. नवीन कापडाचा."

"कोट आहे मले, काका. पैसे द्या."

पंधरा हजार त्यानं वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. आठ हजारवाला टाकून पंधरा हजारवाली घेणारा नादार मी दुसरा पाहिला नाही. येताना रस्ताभर तो खुषीत होता. शिवायच्या मशीनचा पाय हवेतच मारल्यासारखा चालून राहिला होता.

आठ दिवसांनी यादी टाईप व्हायची होती, कोणाचं किती देणं आहे त्याची. मलेही तो सोबत घेऊन गेला. आत जागा नव्हती म्हणून मी दाराबाहेर बाकावर बसलो. बाई नावं वाचून राहिली होती, पतसंस्था, पानवाला, कापडवाला. दुपारची वेळ, वरचा पंखा संथ फिरून राहिला होता. मी मनात मोजून राहिलो होतो. अकरा झाले. आता माझं येईल म्हणून मी सरसावून बसलो. काहून ते मले सांगता येत नाही. कागद मी नको म्हटला होता, पण कोर्टाच्या कागदावर माझं नाव वाचलं जाणार, याची मले आतून हौस वाटली होती.

बाई म्हणे, "आणखी कोणी? एकही राहिला नाही पाहिजे. हातउसने असले तरी सांगा."

मास्तर म्हणे, "एक आहे. पण त्याचं नाव नको टाकू, बाई."

"काहून? उद्या तो कोर्टात उभा राहिला तर?"

"तो काय कोर्टात येते? तो येणारा माणूस नाही."

मी उठलो. पुढं काय बोलले ते ऐकलं नाही. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणापुढं वाकलं नाही. आणि हा म्हणते, तो काय कोर्टात येते. पानवाला येऊ शकते, झेरॉक्सवाला येऊ शकते, प्रेसवाला नाही. तीस वर्षं कोर्टाच्या दारात बसून मी कोर्टात येणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझा ठेला ओढत फाटकाच्या दुसऱ्या अंगाले नेला. मास्तर मशीन थांबवून पाहत राहिला. "काय झालं गा?" म्हणून दोनदा हाक मारली. मी चाक ढकलत राहिलो.

दोन वर्षं बोललो नाही. पैसे मागितले नाहीत. बायको म्हणायची, "मागत काहून नाही जी? टिन किती तापून राहिलं!" मी म्हणायचो, मागणारा मी नाही. ती म्हणायची, "मंग टिनालेच सांगा, तापू नको म्हणून."

दुरून मले त्याची दांडी दिसायची. वारा सुटला की बाह्या हलायच्या, पण इतक्या दुरून काखा दिसत नाहीत, कोण जिंकलं ते कळत नाही. विचारणारंही कोणी नव्हतं. कधी डुलकी लागली की एकच एक दिसायचं. सगळे काळे कोट रांगेत उभे आहेत, एक बिनडोक्याचा कोट लाल वही चाळून राहिला आहे. मी माझं नाव सांगतो. तो पानं उलटते, उलटते, आणि बाही आडवी हलवते. नाही म्हणून. जाग आली की हातातला शर्ट जळण्याच्या बेतात असायचा.

मंग एका हिवाळ्यात, सकाळी दहाचा वेळ, ऊन नुकतं फाटकावर आलं होतं. मास्तर रस्ता ओलांडून आला. वाळला होता. खांद्यावर काळं काहीतरी. जयभीम नाही, नमस्कार नाही. म्हणे, "हात वर कर."

मी प्रेस खाली ठेवली. पण हात वर केला नाही. त्यानंच माझा एक हात धरून त्यात घातला, मंग दुसरा. बिनबाहीचं जाकीट होतं. काळंच, पण उन्हात पाहिलं तर काळ्याचे कितीतरी रंग. एक निळसर, एक तपकिरी, एक पुसट. तीस वर्षांच्या कोटांच्या छाटाचे तुकडे जोडून शिवलेलं. माप त्यानं माझं कधी घेतलं नव्हतं. तरी खांद्यावर असं बसलं, जसं कोणी मागून दोन हात ठेवले.

मधलं बटन नव्हतं. मी तोंड उघडलं, त्याले चांगलं सुनवायले. त्यानं तेवढ्यात धागा दातात दिला.

"धर."

आणि मी धरला. तीस वर्षं लोकायले धरताना पाहून माझंही तोंड शिकून गेलं होतं.

तो बटनावर वाकला. टाके घालत हळू बोलत राहिला, मशीनवर बोलायचा तसा, वर न पाहता.

"मोकळा झालो गा. मागच्या महिन्यात हुकूम झाला. बाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, यादीत ज्याचं नाव गेलं, त्याले पुढं माझ्याकडून मागता येत नाही. वाटून जे येईन ते घ्यायचं आणि विसरायचं. अकरा जणांपासून मोकळा झालो. पानवाल्याच्या समोरून जात नाही मी आता. गल्लीतून येतो." एक टाका. "ती म्हणे, बारावं नाव टाक, नाहीतर तो उद्या कोर्टात येईन. म्हटलं, तो येणारा माणूस नाही. तो उपाशी राहीन, पण माझ्यावर कोर्टात येणार नाही." आणखी एक टाका. "तुझ्यापासून मले मोकळं नव्हतं व्हायचं."

रस्त्यावर ऑटो जाऊन राहिले होते. माझ्या प्रेसमधले कोळसे तडतडले. मले खूप काही म्हणायचं होतं, आणि तोंडात धागा.

"आतला खिसा पाह्य," तो म्हणे.

मी हात घातला. डाव्या अंगाले एकच खिसा. आत बंडल. बोट फिरवायलेही जागा नाही, इतका बरोबर. लांबी, रुंदी, जाडी.

"माप जमलं का?"

मी मान हलवली.

वहीत माझं पान आहे म्हटलं ना, त्यावर छाती नाही, खांदा नाही, उंची नाही. खाली फक्त आतला खिसा, तीन आकडे. आणि मधात घडी केलेला तो कोरा स्टॅम्प पेपर. त्या दिवशी त्यानं टेप लावला होता तो यासाठी. दोन वर्षं पायाच्या मशीनवर जोडून जोडून त्यानं ते माप भरलं. अकरा जणांचं मी काही सांगू शकत नाही. माझं एवढं आहे.

त्यानं गाठ मारली. कैची दुकानात राहिली होती, म्हणून धागा दातानं तोडायले तो पुढं झुकला. त्याचं डोकं माझ्या छातीले टेकलं. पांढरे विरळ केस, त्यात खडूची भुकटी. जरा वेळ तसाच राहिला. धागा तुटला तरी.

मंग चहावाला आला. दोन कट ठेवून गेला. मास्तरनं त्याचा उचलला आणि माझ्या ठेल्याले टेकून उभा राहिला. फाटकापलीकडं दांडीवरचे कोट उन्हात हलून राहिले होते.

"कोण जिंकलं गा?" तो म्हणे.

माझा चहा थंड होऊन राहिला होता. पण मी तोंडातला धागा काढला नाही.